दोरू नदीवरची सहल: शांत पाण्याखालचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना वाटलं असेल की इतिहासाच्या व्याख्यानात ही सहलीची जाहिरात कुठून आली! पण गेल्या काही वर्षांत आपल्याकडची मंडळीही युरोपातल्या नद्यांवर जहाजाने फिरायला जाऊ लागली आहेत. ऱ्हाइन, डॅन्यूब, आणि आता पोर्तुगालची दोरू. दोन्ही काठांवर द्राक्षमळे, डेकवर खुर्च्या, हातात पेला, आणि आरशासारखं पाणी. परतल्यावर सगळे एकच सांगतात, "काय शांत नदी आहे हो!"

आज आपण हे एकच वाक्य तपासणार आहोत. कारण दोरू ही शांत नदी नव्हती. ती पोर्तुगालमधल्या धोकादायक नद्यांपैकी एक होती. तिची शांतता साधारण १९७१ ते १९८५ या काळात काँक्रीट ओतून तयार केलेली आहे. ती कोणी, कशासाठी तयार केली आणि तिच्याखाली काय गेलं, हा आजचा विषय.

आधी भूगोल. ही नदी उत्तर स्पेनमध्ये सोरिया प्रांतातल्या डोंगरात उगम पावते. तिथे तिचं नाव दुएरो. जवळजवळ ९०० किलोमीटर वाहून ती पोर्तु शहरापाशी अटलांटिक महासागराला मिळते. सहलीची जहाजं पोर्तुहून निघून स्पेनच्या सीमेपर्यंत, म्हणजे सुमारे २१० किलोमीटर वर जातात. वाटेत पाच धरणं लागतात आणि प्रत्येक धरणाला लॉक आहे. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट समजा. जहाज एका हौदात शिरतं, मागचा दरवाजा बंद होतो, हौदात पाणी भरतं, जहाज वर उचललं जातं. कारापातेलू या एकाच धरणापाशी जहाज ३५ मीटर चढतं, म्हणजे दहा-बारा मजले. पाचही मिळून चढण सुमारे सव्वाशे मीटर. आता विचार करा. आज जी चढण पाच पायऱ्यांत होते, ती पूर्वी नदी कशी उतरत असेल? खडकांवर आपटत, अरुंद घळीतून, फेसाळत. तशीच उतरायची.

या नदीच्या काठी वाईन का पिकली? दोरूच्या वरच्या खोऱ्यातला दगड शिस्ट जातीचा आहे, आपल्या जुन्या पाटीच्या दगडासारखा पापुद्र्यापापुद्र्यांचा. त्यावर माती जवळजवळ नाहीच. हिवाळा कडक, उन्हाळा भाजून काढणारा. तिथे दुसरं पीक घेणं कठीण, पण द्राक्षाची मुळं त्या पापुद्र्यांच्या फटींतून खोल जाऊन ओल शोधतात. मात्र उतार इतका तीव्र की आधी दगड फोडून, त्याचेच बांध रचून पायऱ्या कराव्या लागल्या. कोकणात किंवा मावळात डोंगरउतारावरची शेती ज्यांनी पाहिली आहे त्यांना कल्पना येईल, पण इथे आख्खे डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत रचलेले आहेत. हे काम स्थानिक मजुरांनी आणि स्पेनच्या गालिसिया भागातून येणाऱ्या मजुरांनी पहार आणि सुरुंगाच्या बळावर केलं. म्हणजे डेकवरून ज्याला आपण निसर्गसौंदर्य म्हणतो, ते मुळात मजुरी आहे.

आता व्यापाराकडे वळू. सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंड आणि फ्रान्स यांचं वैर पेटलं आणि इंग्रजांना फ्रेंच वाईन मिळेनाशी झाली. १७०३ मध्ये मेथ्युएन करार झाला. इंग्लंडचं लोकरी कापड पोर्तुगालमध्ये येऊ द्यायचं आणि त्या बदल्यात पोर्तुगीज वाईनवर फ्रेंच वाईनपेक्षा एक तृतीयांश कमी जकात घ्यायची, असा तो सौदा. पोर्तुमध्ये इंग्रज व्यापाऱ्यांचा जम बसला. समुद्रप्रवासात वाईन बिघडू नये म्हणून तिच्यात द्राक्षाचं स्पिरिट घालू लागले. पुढे ते रस आंबत असतानाच घालायची पद्धत रूढ झाली. त्यामुळे आंबण्याची क्रिया मध्येच थांबते, द्राक्षाची साखर शिल्लक राहते आणि गोड, कडक वाईन तयार होते. हीच 'पोर्ट'. गोव्याहून येताना लोक 'पोर्ट वाईन' म्हणून जी बाटली आणतात, तिच्या नावाचं मूळ या पोर्तु शहरात आहे. बाटलीतला माल मात्र वेगळा.

मागणी वाढली की भेसळ येते. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी या झुडपाच्या फळांचा रस मिसळला जाऊ लागला, इकडची तिकडची वाईन दोरूची म्हणून खपू लागली. अठराव्या शतकाच्या मध्याला भाव कोसळले. व्यापारी म्हणाले, शेतकरी भेसळ करतात. शेतकरी म्हणाले, व्यापारी भाव पाडतात. हे भांडण आपल्याला नवीन नाही.

इथे येतो सेबास्तियाँव जुझे दी कार्व्हाल्यू ई मेलू, म्हणजे पुढचा मार्किस ऑफ पोंबाल. १७५५ च्या भूकंपानंतर लिस्बन पुन्हा उभं करणारा हाच मंत्री. गोव्याच्या इतिहासातही त्याची सावली आहे. जेझुइटांची हकालपट्टी त्याच्या काळातली, आणि १७७४ मध्ये गोव्याचं इन्क्विझिशन काही वर्षांसाठी बंद झालं तेही त्याच्याच राजवटीत. १७५६ हे साल लक्षात ठेवा. त्या वर्षी इकडे फोंड्यापाशी मराठ्यांशी लढताना पोर्तुगीज व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्हा मारला गेला, आणि तिकडे १० सप्टेंबरला पोंबालने दोरूच्या वाईनसाठी सरकारी कंपनी काढली. कुठली वाईन कोणत्या भावाने निर्यात व्हायची, हे ती ठरवणार. पोर्तुमधल्या दारूच्या गुत्त्यांना वाईन पुरवण्याचा मक्ताही तिच्याकडेच.

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १७५७ मध्ये, पोर्तुत लोक रस्त्यावर आले. पोंबालने सैन्य पाठवलं आणि अनेकांना फाशी दिली. मग चांगल्या मळ्यांच्या प्रदेशाभोवती ग्रॅनाइटचे खांब रोवले, तीनशेहून जास्त. एल्डरबेरीची झुडपं उपटायचा हुकूम काढला. सहलीत सांगतात की कायद्याने आखलेला हा जगातला पहिला वाईन प्रदेश. हे तितकंसं बरोबर नाही. इटलीत कियांतीची हद्द १७१६ मध्येच जाहीर झाली होती. दोरूचं वेगळेपण असं की इथे हद्द कागदावर न ठेवता जमिनीत रोवली आणि तिच्यावर देखरेख करणारी यंत्रणा उभी केली. त्यातले काही खांब आजही उभे आहेत. खांबाच्या आत ज्याची जमीन आली तो तरला, बाहेर गेली तो बुडाला. जहाजावरून हे खांब सहसा दिसत नाहीत, पण त्यांनी ठरवलेली नशिबं दिसतात.

आता नदीवर येऊ. डोंगरात तयार झालेली वाईन पोर्तुसमोरच्या गाया गावातल्या थंड कोठारांत पोचवायची कशी? रस्ते नव्हते, म्हणून नदी. तिच्यासाठी खास होडी घडली, 'राबेलू'. सपाट तळाची, उथळ पाण्यातून सरकणारी, मागे लांबलचक वल्ह्यासारखं सुकाणू. ते पेलायला माणूस उंच मचाणावर उभा राही, कारण पिंपांच्या राशीवरून पुढचा खडक दिसायला हवा. दोरूतलं एक पिंप साधारण ५५० लिटरचं. वाईनने भरलेली होडी प्रवाहाबरोबर खाली सुटायची. परतीच्या वाटेवर वारा असेल तर चौकोनी शीड, नाहीतर काठावरून बैल आणि माणसं दोराने ओढत न्यायची.

या वाटेवरची सर्वांत वाईट जागा म्हणजे व्हालेइराची घळ. तिथे खडक असा आडवा होता की होड्या त्यापलीकडे जाऊच शकत नसत. १७८० ते १७९२ अशी बारा वर्षं सुरुंग लावून तो फोडला आणि वाट मोकळी केली. पण पाण्याचा वेग राहिलाच. १२ मे १८६१ रोजी इथे एक होडी उलटली. तिच्यात जोसेफ जेम्स फॉरेस्टर होते, हल गावात जन्मलेले इंग्रज व्यापारी. त्यांनी दोरूचा तपशीलवार नकाशा तयार केला होता आणि वाईनमध्ये स्पिरिट घालण्याच्या पद्धतीवर जाहीर टीका केली होती. ज्या माणसाला या नदीचा खडक न खडक ठाऊक होता, तोच तिच्यात बुडाला. देह सापडला नाही. त्याच होडीत दोना आंतोनिया फेरैरा होत्या, दोरूतल्या मोठ्या मळेवाल्या. त्या वाचल्या. घेरदार झग्याने त्यांना तरंगत ठेवलं आणि फॉरेस्टरना कमरेच्या पट्ट्यातल्या सोन्याच्या नाण्यांनी तळाला नेलं, असं सांगतात. ही दंतकथा धरा. पण ती आठवते कारण माणसं मोठी होती. या नदीत जे नावाडी बुडाले, त्यांच्या झग्याची आणि पट्ट्याची गोष्ट कोणी सांगत नाही.

त्याच दशकात दुसरं संकट आलं, फायलोक्सेरा. अमेरिकेतून आलेली, मुळांतला रस शोषणारी बारीक कीड. तिने युरोपभरचे मळे वाळवले आणि दोरूही सुटली नाही. उपाय सापडला तोही अमेरिकेतूनच. तिथल्या जंगली द्राक्षाचा खुंट घ्यायचा आणि त्यावर आपली जात कलम करायची. आपले नाशिक-सांगलीचे बागायतदार डॉगरिज खुंटावर कलम करतात, तोही अमेरिकनच. कारण मात्र वेगळं, आपल्याकडे क्षार आणि पाण्याची टंचाई. दोरूत ज्यांना नव्याने लागवड करणं परवडलं नाही त्यांनी पायऱ्या सोडून दिल्या. त्या ओसाड पायऱ्यांना तिकडे 'मुर्तोरियू' म्हणतात, शब्दातच मरण आहे. जहाजावरून हिरव्या मळ्यांच्या मध्ये झुडपं माजलेले दगडी बांध दिसतात ना, ते हेच.

१८८७ मध्ये रेल्वे काठाकाठाने स्पेनच्या सीमेपर्यंत पोचली. मग ट्रक आले. राबेलूंचं काम कमी होत गेलं आणि १९६० च्या दशकात संपलं. त्याच सुमारास नदीकडे बघायची दृष्टी बदलली. आता तिच्यात वाट नव्हे, वीज दिसू लागली. कारापातेलू, रेगुआ, व्हालेइरा, पोसिन्यू, क्रेस्तुमा अशी एकामागून एक धरणं झाली. पाणी चढलं आणि खळाळ, खडक, काठावरच्या वाटा सगळं त्याखाली गेलं. व्हालेइराची घळही. धरणांना लॉक ठेवली ती पर्यटकांसाठी नव्हे, लोहखनिज आणि दगड वाहून नेता यावेत म्हणून. १९९० मध्ये सगळा जलमार्ग खुला झाला. मालाची वाहतूक अपेक्षेइतकी आलीच नाही. आले ते प्रवासी.

प्रत्येक वेळी पाणीच जिंकलं असं मात्र नाही. दोरूला मिळणाऱ्या कोआ या उपनदीवर धरणाचं काम सुरू असताना काठच्या खडकांवर अश्मयुगीन कोरीव चित्रं असल्याचं १९९४ मध्ये जगजाहीर झालं. रानबैल, घोडे, वीस हजार वर्षांपेक्षाही जुने. देशभर वाद पेटला. पैसा खर्च झालेला असूनही सरकारने धरण थांबवलं आणि १९९८ मध्ये ती चित्रं जागतिक वारसा ठरली. दोरूच्या पायऱ्यांच्या मळ्यांना तो मान २००१ मध्ये मिळाला.

मग आज तिथे सगळं आलबेल आहे का? दोरूत हजारो छोटे शेतकरी आहेत. कोणी किती द्राक्षं पोर्टसाठी द्यायची याचा कोटा दरवर्षी ठरतो, कारण पोर्टच्या द्राक्षाला साध्या वाईनच्या द्राक्षापेक्षा चांगला भाव मिळतो. हा कोटा २०२२ मध्ये १,१६,००० पिंपं होता, २०२४ मध्ये ९०,००० वर आला. जगात पोर्ट पिणारे कमी होत आहेत. तरुण गाव सोडून जातात. नदीवर जहाजं येतात, पण त्यांतला प्रवासी जहाजातच जेवतो, जहाजातच झोपतो. त्याच्या सहलीचा किती पैसा बांध रचणाऱ्याच्या घरी पोचतो, हा प्रश्न त्या देखण्या काठांवर उभाच आहे. कारण बांध दरवर्षी ढासळतात. ते पुन्हा रचणारे हात राहिले नाहीत, तर बघायला जाण्यासारखं काही उरणार नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं नाही की जाऊ नका. जरूर जा. फक्त व्हालेइराच्या लॉकमध्ये जहाज वर चढत असताना एकदा खाली बघा. त्या गप्प पाण्याखाली बारा वर्षं सुरुंग लावून फोडलेला खडक आहे आणि त्यावर आपटलेल्या होड्यांचा इतिहास आहे. आणि काठावर ओसाड पायरी दिसली की तिच्यासाठीही एक फोटो राखून ठेवा.

आज इथेच थांबू.