विमानतळातलं शेत

नेवाळीच्या ज्या धावपट्टीवर आपण सायकल शिकलो, ती दुसऱ्या महायुद्धातली. सरांनी ते युद्ध नकाशावर युरोपात दाखवले; पण ते आपल्या कल्याणजवळही येऊन गेले होते. १९४२च्या सुमारास इंग्रज सरकारने आसपासच्या गावांची दीड हजार एकरांहून अधिक जमीन विमानतळासाठी घेतली. १९४५मध्ये युद्ध संपले आणि शेतकरी पुन्हा तिथे भात लावू लागले. कागदोपत्री मात्र जमीन संरक्षण खात्याकडेच राहिली. जून २०१७मध्ये नौदलाची भिंत उभी राहू लागली, तेव्हा हा जुना राग रस्त्यावर आला.

आपल्या वर्गातला एक मित्र ‘आमचं शेत विमानतळात आहे’ म्हणायचा आणि सगळे हसायचे. मीही हसलो होतो. या मेळाव्यात तो भेटला, की आधी त्याची माफी मागणार आहे.