पेटीआधी मधपाळ

परभणी जिल्ह्यातील देवगाव फाट्यावर सेलूकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत असताना एका शिक्षकांशी गाठ पडली. रब्बीत करडई फुलली की तिच्यावर माश्या येतात. तेव्हा शाळेत एक मधपेटी ठेवावी, असे त्यांच्या मनात होते. पेटी कोठे मिळेल, एवढेच त्यांना हवे होते. आम्ही उलट विचारले, "गुरुजी, एखादा मधपाळ ओळखीचा आहे का?" त्यांना हा प्रश्न विचित्र वाटला. असे का विचारले, हे सांगायला गाडी येईपर्यंतचा वेळ पुरला नाही. म्हणून हा लेख.

आमची स्वतःची पहिली वसाहत पुस्तक वाचून सांभाळलेली होती. माश्या काय करताहेत हे पाहण्याच्या उत्सुकतेने आम्ही रोज पेटी उघडत होतो. दुसऱ्या आठवड्यात पेटी रिकामी झाली. सातेरी ही आपली भारतीय मधमाशी. तिला वारंवार त्रास झाला, किंवा खाद्य संपले, तर ती घर सोडून जाते. हे पुस्तकात लिहिलेले होते. 'वारंवार' म्हणजे किती, हे मात्र पुस्तक सांगू शकत नव्हते.

मधमाशीपालनाच्या इतिहासात हा धडा पुन्हा पुन्हा भेटतो. जिनिव्हाचे फ्रान्स्वा ह्यूबर हे अंध होते. तरीही १७९२ साली प्रसिद्ध झालेले त्यांचे निरीक्षणांचे पुस्तक या शास्त्राचा पाया मानले जाते. प्रश्न ह्यूबर यांचे होते. डोळे आणि हात होते त्यांचे सेवक ब्यूर्नेन्स यांचे. व्हिएन्नात १७७० साली अंतोन यान्शा यांची मधमाशीपालनाचे शिक्षक म्हणून नेमणूक झाली. तेही स्वतः मधपाळांच्या घरात वाढलेले होते. २० मे हा जागतिक मधमाशी दिन त्यांच्याच स्मरणार्थ २०१८ पासून पाळला जातो.

१८५१ साली अमेरिकेत लँगस्ट्रॉथ यांनी एक साधी पण मोठी गोष्ट ओळखली. पेटीत सुमारे ९ मिलिमीटरची फट ठेवली, तर माश्या ती मेणाने किंवा डिंकाने बुजवत नाहीत. ये-जा करण्यासाठी मोकळी ठेवतात. त्यामुळे चौकटी सुट्या राहतात, पोळे न मोडता बाहेर काढता येते आणि पुन्हा जागच्या जागी ठेवता येते. पूर्वी मधासाठी पोळे पिळावे लागे. आता मध यंत्रात फिरवून काढता येऊ लागला आणि वसाहत जगू लागली.

परंतु ही पेटी युरोपीय माशीच्या मापाची होती. आपली सातेरी आकाराने लहान, तिच्या वसाहतीही लहान. दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तिला सोयीची छोटी पेटी तयार केली आणि १९११ ते १९१७ या काळात लोकांना प्रत्यक्ष शिकवले. 'न्यूटन पेटी' हे नाव टिकले, त्याचे कारण पेटीबरोबर ती हाताळणारी माणसेही तयार झाली.

महाराष्ट्रात हे काम महाबळेश्वरला रुजले. मुंबई प्रांताच्या ग्रामोद्योग समितीने १९४६ साली तेथे मधमाशीपालन सुरू केले. पुढे मधपाळांची सहकारी सोसायटी उभी राहिली, आणि १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था स्थापन झाली. सोसायटीचे नाव निघाले की आपल्याला मधाची विक्री आठवते. आमच्या मते तिचे दुसरे काम तितकेच मोलाचे आहे. ते म्हणजे आठवण जपणे.

कारवीचे उदाहरण घ्या. सह्याद्रीतील ही झुडुपे साधारण सात-आठ वर्षांतून एकदा, सगळी एकदम फुलतात आणि मग वाळून जातात. नव्या मधपाळाला पहिला फुलोरा दिसेपर्यंतच कित्येक वर्षे जातील, आणि हयातभरात तो पाच-सहा फुलोरेच पाहील. त्या हंगामासाठी वसाहती केव्हा सशक्त करायच्या, पेट्या कोठे मांडायच्या, हे एकट्याच्या अनुभवातून शिकायला एक आयुष्य अपुरे आहे. गटात मात्र मागचा आणि त्याच्या मागचा फुलोरा पाहिलेला कोणीतरी असतो. पावसाळ्याआधी पेटीत किती मध ठेवायचा, वसाहत फुटण्याच्या बेतात आहे हे कसे ओळखायचे, मेणअळी लागण्याची चिन्हे कोणती, हे सारे तो शेजारी उभा राहून दाखवतो.

संकटात याची किंमत कळते. १९९१-९२ मध्ये दक्षिण भारतात थाई सॅकब्रूड या विषाणूरोगाने सातेरीच्या बहुसंख्य वसाहती नष्ट केल्या. औषध नव्हते. तगून राहिलेल्या वसाहती ओळखून त्यांच्यापासूनच पुढची वाढ करावी लागली. शेजाऱ्याच्या पेट्यांत काय टिकले हे ठाऊक असल्याशिवाय असे काम होत नाही.

महाबळेश्वरजवळचे मांघर २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून जाहीर झाले. त्याआधी तेथे अनेक वर्षे घरोघरी पेट्या होत्या. नाव नंतर मिळाले.

आता पुन्हा देवगाव फाट्याकडे येऊ. मराठवाड्यात उघड्यावर लटकलेले पोळे दिसते ते बहुधा आग्या किंवा फुलोरी माशीचे. दोन्ही उजेडात, एकच पोळे बांधतात. त्यामुळे त्या पेटीत नांदत नाहीत. ठाकर यांनी आग्या माशी पेटीत ठेवण्याचे प्रयत्न करून १९७३ साली त्यांची नोंद प्रसिद्ध केली, पण ती पद्धत रूढ झाली नाही. पेटीत राहतात त्या अंधाऱ्या पोकळीत अनेक समांतर पोळी बांधणाऱ्या सातेरी आणि युरोपीय माश्या. म्हणजे महाबळेश्वरची रीत जशीच्या तशी परभणीला लागू होणार नाही. येथील ऊन, करडई, सूर्यफूल आणि फवारणीचे दिवस ओळखणारा गट येथेच तयार व्हावा लागेल.

म्हणून त्या गुरुजींना आमचे सांगणे असे. पेटीची घाई करू नका. पहिल्या वर्षी करडईच्या फुलोऱ्यात विद्यार्थ्यांना ठरावीक दहा बोंडांजवळ दहा-दहा मिनिटे बसवा. कोणती माशी, किती वाजता, किती वेळा आली, याची वही ठेवा. शेजारच्या शेतात फवारणी झाली, तर तोही दिवस लिहा. दरम्यान तुम्ही आणि गावातील दोघे-तिघे शेतकरी मिळून प्रशिक्षण घ्या, आणि एखाद्या मधपाळाबरोबर एक पूर्ण हंगाम काढा. एकट्याने जाऊ नका. पेटी आली की ती उघडताना शेजारी दुसरे कोणीतरी हवे, आणि पहिल्या वर्षाची वही हाताशी हवी.