प्रारंभीचे संगीतप्रधान कार्टूनपट आणि महाराष्ट्र : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

पुणे–लोणावळा लोहमार्गावरील पिंपरी, चिंचवड व आकुर्डी ही स्थानके आज कारखान्यांमुळे ओळखली जातात. पुढे चाकणपर्यंत पसरलेल्या या औद्योगिक पट्ट्यात ॲनिमेशन हा शब्द कानी पडतो तो मुख्यतः संगणकाच्या संदर्भात : यंत्राची रचना उलगडून दाखविणारी त्रिमित चित्रे किंवा नव्या अभ्यासक्रमांच्या जाहिराती. त्यामुळे ही कला अलीकडेच परदेशातून आली, असा समज विद्यार्थ्यांप्रमाणे अध्यापकांतही आढळतो. वस्तुतः या लोहमार्गाच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे मळवली–लोणावळा येथे आणि पुणे शहरात, या कलेच्या भारतीय इतिहासाशी निगडित अशा महत्त्वाच्या घटना घडल्या आहेत.

महाराष्ट्रात १९३४ मध्येच कार्टूनपट निर्माण झाला असताना संगीतप्रधान कार्टून लघुपटांची अखंड परंपरा येथे का रुजली नाही, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. तंत्राचा अभाव हे त्याचे नेहमी दिले जाणारे उत्तर अपुरे आहे, असे येथे मांडावयाचे आहे.

मूकपटकालीन पूर्वपीठिका

दादासाहेब फाळके यांचा चित्रपटापूर्वीचा व्यवसाय छपाईचा. मळवलीच्या रविवर्मा मुद्रणालयासाठी त्यांनी काम केले आणि पुढे लोणावळ्यात स्वतःचा ब्लॉक तयार करण्याचा उद्योगही केला. चित्राचे तुकडे पाडून ते पुन्हा जुळविण्याची शिस्त त्यांना या धंद्याने दिली असावी, असे म्हणण्यास जागा आहे. १९१२ मध्ये भांडवल मिळविण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून पडद्यावर आणली. १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’मध्ये त्यांनी काड्यापेटीतील काड्या त्याच पद्धतीने हलत्या केल्या. निर्जीव वस्तू थोडी सरकवायची, एक चौकट टिपायची, पुन्हा सरकवायची, हे ॲनिमेशनचे मूलतत्त्व त्यांनी आत्मसात केले होते. या प्रयोगांत उणीव होती ती केवळ ध्वनीची.

ध्वनीचे आगमन

अमेरिकेत फ्लायशर बंधूंनी १९२४ पासून गीतांवर आधारित कार्टूनपट काढले. गीताच्या शब्दांवर उड्या मारणारा चेंडू पाहून प्रेक्षक त्या तालावर गात असत. १८ नोव्हेंबर १९२८ रोजी न्यूयॉर्कमध्ये वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्टीमबोट विली’ प्रदर्शित झाला व चित्र आणि संगीत यांचा काटेकोर मेळ हा कार्टूनपटाचा प्राण ठरला. १९२९ च्या ‘द स्केलेटन डान्स’मध्ये संगीतकार कार्ल स्टॉलिंग यांच्या सूचनेनुसार संगीताला अग्रस्थान मिळाले आणि कृती त्याला अनुसरून रचली गेली. भारतात ‘आलम आरा’ १४ मार्च १९३१ रोजी पडद्यावर आला, तर मराठीतील पहिला बोलपट, प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’, १९३२ मध्ये आला. म्हणजे जागतिक प्रवाह आणि आपण यांत अंतर होते ते अवघ्या तीन-चार वर्षांचे.

प्रभात आणि १९३४ हे वर्ष

१९२९ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली प्रभात फिल्म कंपनी १९३३ मध्ये पुण्यास आली. पुढील वर्षी या संस्थेने ‘जंबूकाका’ हा कार्टूनपट काढला. त्याचे ॲनिमेशन रघुनाथ केळकर यांचे होते. जंबूक म्हणजे कोल्हा. पंचतंत्र-हितोपदेशापासून परिचित असलेल्या धूर्त प्राण्याला ‘काका’ हे घरगुती संबोधन जोडल्याने नाव अस्सल मराठी झाले. त्याच वर्षी कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने गुणमय बॅनर्जी यांचा ‘द पी ब्रदर्स’ प्रदर्शित केला. पुढे मोहन भवनानी यांच्यासाठी बोडो गुटश्वागर या जर्मन तंत्रज्ञाने ‘लफंगा लंगूर’ (१९३५) तयार केला. गो. के. गोखले व के. एस. गुप्ते यांचा ‘बकमभट’ याच दशकातील, तर गोखले यांचा ‘सुपरमॅन्स मिथ’ १९३९ चा. यांपैकी पहिला कोणता, या वादापेक्षा एकाच दशकात मुंबई, पुणे व कलकत्ता येथे स्वतंत्र प्रयत्न झाले, ही बाब इतिहासाच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे.

ताल आणि चौकट

संगीतप्रधान कार्टूनपटाची कार्यपद्धती ध्यानात घेतल्यास या प्रयत्नांमागील श्रमांची कल्पना येते. बोलपटाची फीत सेकंदाला २४ चौकटी या वेगाने धावते. एका मात्रेस १२ चौकटी दिल्या, तर केरव्याचे आठ मात्रांचे आवर्तन ९६ चौकटींत म्हणजे चार सेकंदांत, आणि त्रितालाचे सोळा मात्रांचे आवर्तन १९२ चौकटींत म्हणजे आठ सेकंदांत पूर्ण होते. समेवर पाऊल पडावयाचे असेल, तर ते कोणत्या चौकटीत पडेल हे चित्र काढण्यापूर्वीच ठरलेले असावे लागते. सात मिनिटांच्या लघुपटासाठी १०,०८० चौकटी लागतात. प्रत्येक चित्र दोनदा टिपले, तरी ५,०४० वेगवेगळ्या स्थिती सिद्ध कराव्या लागतात. मुख्य चित्रकार, मधली चित्रे काढणारे, रंग भरणारे व कॅमेरामन अशी कामाची विभागणी येथे अटळ ठरते. या औद्योगिक पट्ट्यातील वाचकास ती जुळणी-साखळीची आठवण करून देईल.

येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. प्रारंभीच्या बोलपटांत नट कॅमेऱ्यासमोर प्रत्यक्ष गात असत. पार्श्वगायनाची पद्धत १९३५ मध्ये न्यू थिएटर्समध्ये आकारास आली. कार्टूनपटात मात्र कॅमेऱ्यासमोर गाणारा कोणी नसतोच. तेथे ध्वनी व चित्र स्वतंत्रपणे तयार करून जुळविण्यावाचून गत्यंतर नसते. पुढे संपूर्ण भारतीय चित्रपटाने जी पद्धत स्वीकारली, तिचे तत्त्व कार्टूनपटाच्या स्वरूपातच अंतर्भूत होते.

परंपरा का खंडित झाली?

कौशल्य होते, तर सातत्य का नव्हते? पहिले कारण आर्थिक. अमेरिकेत मुख्य चित्रपटापूर्वी वार्तापट व कार्टूनपट दाखविण्याची प्रथा असल्याने लघुपटास निश्चित बाजारपेठ होती. आपल्याकडे चित्रपट मुळातच दीर्घ असत. शिवाय स्वदेशी भांडवल वसूल झालेले परदेशी कार्टूनपट येथे अल्प भाड्यात देणे शक्य होते. त्यांच्याशी हाताने केलेल्या महागड्या कामाने स्पर्धा करणे कठीण होते.

दुसरे कारण सांस्कृतिक असून ते अधिक मूलगामी आहे. संगीत नाटकाच्या संस्कारात वाढलेल्या प्रेक्षकाला बोलपटानेच भरपूर गाणी दिली. १९३२ च्या ‘इंद्रसभा’मध्ये तर सुमारे ७० गाणी होती. अन्यत्र गीत आणि नृत्य यांची हौस जो लघुपट भागवीत होता, त्याची जागा आपल्याकडे मुख्य चित्रपटातील गाण्याने आधीच व्यापली होती. कार्टूनपट येथे तंत्राअभावी मागे पडला नाही. संगीताच्या विपुलतेमुळे त्याची गरजच निर्मात्यांना भासली नाही.

शासकीय आश्रय आणि एक दुवा

बाजाराने नाकारलेल्या या कलेस स्वातंत्र्योत्तर काळात शासनाचा आधार मिळाला. १९४८ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनने १९५६ मध्ये मुंबईत कार्टून विभाग सुरू केला. डिस्ने संस्थेत काम केलेले क्लेअर वीक्स यांनी तेथे प्रशिक्षण दिले. गोखले व राम मोहन यांच्यासारखे कलावंत या विभागाशी निगडित होते. चित्रगृहांना शासकीय लघुपट दाखविणे सक्तीचे असल्याने वितरणाचा प्रश्नही सुटला.

१९७४ च्या ‘एक अनेक और एकता’मध्ये संगीतप्रधान कार्टूनपटाचे उत्तम रूप दिसते. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, ॲनिमेशन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे आणि स्वर बालवयातील साधना सरगम यांचा. वसंत देसाई हे १९२९ मध्ये प्रभातमध्ये दाखल झाले होते आणि ‘जंबूकाका’ निघाला तेव्हा ते त्याच संस्थेत होते. त्यांचा त्या कार्टूनपटाशी संबंध होता असे येथे सुचवावयाचे नाही. तथापि प्रभातच्या अंगणात घडलेला संगीतकार चाळीस वर्षांनी देशभरातील मुलांच्या ओठी बसलेला कार्टूनपट सजवितो, ही घटना खंडित वाटणाऱ्या इतिहासातील एक सलग धागा दाखविते.

निष्कर्ष

प्रभातच्या जागेवर १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. परंतु जुन्या नायट्रेट फिती ज्वालाग्राही व नाशवंत असतात. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात संग्रहालयाच्या नायट्रेट फितींच्या साठ्यास आग लागून मोठी हानी झाली. लघुपटांची स्थिती त्याहून नाजूक. मुख्य चित्रपटाच्या जाहिराती व परीक्षणे उरतात, लघुपटाचे केवळ नाव उरते. प्रारंभीच्या कार्टूनपटांचा इतिहास म्हणूनच आज बव्हंशी नामावलीतून वाचावा लागतो.

तत्कालीन मराठी वृत्तपत्रांतील जाहिराती, चित्रगृहांच्या पुस्तिका व कलावंतांच्या कुटुंबांतील रेखाटने यांचा शोध घेणे हे आपल्या परिसरातील महाविद्यालयांना सहजसाध्य काम आहे. इतिहास, मराठी, संगीत व संगणकशास्त्र या विभागांनी ते संयुक्तपणे हाती घ्यावे. संगणकावर पहिली आकृती हलविणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला या लोहमार्गावरील आगकाड्यांची आणि कोल्ह्याची पूर्वपीठिका ठाऊक असेल, तर तो स्वतःला केवळ परकीय तंत्राचा ग्राहक समजणार नाही.