‘पॉश’ शब्दाची व्युत्पत्ती

इंग्रजीतून मराठीत आलेले ‘पॉश’ हे विशेषण आता ‘पॉश वस्ती’, ‘पॉश दुकान’ अशा प्रयोगांत पुरते रुळले आहे. त्याच्या व्युत्पत्तीची एक कथा आपल्या वर्गांतूनही ऐकू येते. पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींनी विलायतेहून मुंबईस येणारे धनिक उतारू येताना डाव्या व परतताना उजव्या अंगाची खोली राखून ठेवीत. ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटांवर उमटविली जात आणि त्यांवरूनच हा शब्द निघाला, असे सांगतात.

कथा अगदीच निराधार वाटत नाही. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर या बोटी तांबड्या समुद्रातून येऊ लागल्या. तेथे दक्षिणेकडे निघालेल्या बोटीचे डावे अंग पूर्वेस राहते व तिसऱ्या प्रहरीच्या उन्हापासून वाचते. परतीच्या वाटेवर तेच सुख उजव्या अंगास मिळते. परंतु संभाव्यता म्हणजे प्रमाण नव्हे. अशी अक्षरे उमटलेले एकही तिकीट आजवर पुढे आलेले नाही, कंपनीच्या दप्तरातही या प्रथेचा मागमूस नाही. विशेषणाचा लिखित प्रयोग १९१४ पासून मिळतो. कथा मात्र छापील लेखनात १९३० नंतरच्या दशकात अवतरते. शिवाय आद्याक्षरे जुळवून शब्द घडविण्याची रीत पहिल्या महायुद्धापूर्वी इंग्रजीत विरळाच होती. ही लोकव्युत्पत्ती होय, आणि ती लोकांपेक्षा सुशिक्षितांनीच अधिक जोपासली!

एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या चोरबोलीत ‘पॉश’ हे नाम अर्ध्या पेनीच्या नाण्यास, पुढे पैशास लावीत. त्या शतकाच्या अखेरीस ‘छानछोकी करणारा’ असाही त्याचा अर्थ नोंदलेला आढळतो. ग्रोस्मिथ बंधूंच्या ‘द डायरी ऑफ अ नोबडी’ या १८९२ च्या पुस्तकातील एका ऐटबाज पात्राचे आडनावच पॉश आहे.

नाण्याचा अर्थ रोमानी भाषेतून आला. इंग्लंडमधील रोमानीत ‘पॉश’ म्हणजे अर्धा. युरोपातील इतर रोमानी बोलींत हाच शब्द ‘पाश’सारखा उच्चारतात. रोमानी ही भारतीय आर्य कुळातील भाषा असल्याने या शब्दाचा संबंध संस्कृत ‘पार्श्व’ शब्दाशी जोडला जातो. बाजू, मग दोहोंपैकी एक बाजू, म्हणून अर्धा, असा अर्थविकास सहज पटतो. आपले ‘पाशी’ हे शब्दयोगी अव्यय त्याच मुळाचे. तथापि दोहोंतील ‘श’ एकाच मार्गाने आलेला नाही. रोमानीने मूळचा तालव्य ध्वनी ‘दश’ या संख्यावाचकाप्रमाणे राखला आहे. मराठीत प्राकृतातून ‘स’ आला आणि पुढील ‘ई’मुळे त्याचा पुन्हा ‘श’ झाला. ‘पासून’मध्ये तो ‘स’च राहिला, हे ध्यानी घ्यावे.

येथे मराठी अभ्यासकास मोह होतो, प्रस्तुत लेखकासही झाला. ‘पॉश’ हा ‘पाशी’चा भाऊबंद, असे म्हणून मोकळे व्हावे! पण त्या नाण्याचे नाते सिद्ध झाले, तरी विशेषणाचे होत नाही. ऑक्सफर्डचा कोशही विशेषणाचे मूळ अनिश्चितच मानतो. १८९२ मधील आडनाव आणि १९१४ मधील विशेषण यांच्यामध्ये बावीस वर्षे आहेत. मधला दुवा असलाच, तर तो बहुधा त्या काळातील लंडनच्या बोलीत शोधावा लागेल.