पारधीचा वाटा

मराठी संस्कृतीच्या अभ्यासात अन्नाचा विचार पुष्कळ झाला असला, तरी मांसान्नाचा विचार त्या मानाने अल्पच झाला आहे. आणि त्यातही रानातून मारून आणलेल्या मांसाचा, म्हणजे पारधीच्या मांसाचा, विचार जवळजवळ झालाच नाही असे म्हणावे लागते. बेळगाव-निपाणीच्या सीमाभागापुरता तो करून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. हा प्रदेश निवडण्याचे कारण असे की, घाटमाथ्याचे दाट अरण्य आणि देशावरील उघडी माळराने यांचा येथे संगम होतो, आणि मराठी व कानडी या दोन भाषांप्रमाणेच दोन पाकपरंपराही येथे एका चुलीवर आलेल्या दिसतात.

आरंभी शब्दांकडे पाहू. आपल्या भाषेत या व्यवहारास तीन शब्द आहेत : मृगया, पारध आणि शिकार. मृगया हा संस्कृत ग्रंथांतून आलेला, राजाच्या विनोदाचा शब्द. शिकार हा फारसीतून, दरबाराच्या वाटेने आला. पारध हा मात्र प्राकृतातील ‘पारद्धि’पासून लोकांच्या तोंडी घडत आलेला. त्याच्या मागे संस्कृत ‘पापर्द्धि’ हा शब्द असून त्यात ‘पाप’ स्पष्ट दिसते. राजा करतो ती मृगया आणि पोटासाठी रानात हिंडणारा करतो ती पारध, हा भेद पुढील इतिहासातही आपणांस पदोपदी भेटणार आहे.

या प्रदेशाच्या पाकपरंपरेचे सर्वांत समृद्ध लिखित साधन म्हणजे कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावरील ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ होय. सोमेश्वराचा राज्यकाल इ. स. ११२६ ते ११३८ असा असून ग्रंथाची रचना ११२९च्या सुमाराची मानतात. बेळगावच्या दक्षिणेस खानापूर तालुक्यात असलेले हलशी म्हणजे प्राचीन पलसिगे. तेथून आणि गोव्यातून राज्य करणारे कदंब हे चालुक्यांचे मांडलिक. तेव्हा सोमेश्वराची पाकशाळा या भूमीला परकी नव्हती असे मानावयास हरकत नाही. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ एका वेगळ्या कारणासाठी परिचित आहे : महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा उल्लेख त्यात आलेला आहे. परंतु ज्या ग्रंथाने उखळाजवळची ओवी नोंदविली, त्यानेच चुलीवरचे मांसही नोंदविले आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही.

‘मानसोल्लासा’त पाच विंशति असून प्रत्येकीत वीस अध्याय आहेत. मृगया, श्वानांकरवी शिकार, श्येनविनोद आणि मत्स्यविनोद हे राजाचे विनोद म्हणून वर्णिले आहेत, तर मांसाचे पदार्थ अन्नभोगाच्या प्रकरणात येतात. रानडुकराचे केस प्रथम काढून मग त्याचे मांस भाजण्याची रीत तेथे सविस्तर सांगितली आहे. मांसखंडांना छिद्रे पाडून त्यांत मसाला भरावा व ते सळईवर भाजावेत, हा ‘भडित्रक’ नावाचा प्रकार. यकृताचे तुकडे निखाऱ्यांवर भाजून तेलात मसाल्यासह तळावेत आणि मग दह्यात किंवा मोहरीच्या पाण्यात टाकावेत, असाही एक प्रकार आहे. इतकेच नव्हे, तर नदीकाठच्या शेतांतील उंदीरही तळून राजाच्या ताटात येत असत. हिंग, हळद, आले, जिरे, धने, मिरे व सैंधव ही मसाल्याची द्रव्ये. आंबटपणासाठी महाळुंग, चिंच, आवळा यांसारखी फळे.

यात मिरची नाही, हे वाचकाच्या ध्यानी आलेच असेल. ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात या देशात आली. गोव्याहून घाट चढणाऱ्या व्यापारी वाटा बेळगावच्या बाजूस मिळत असल्याने या नव्या तिखटास येथे लवकर प्रवेश मिळाला असल्यास नवल नाही. मिऱ्याचेच नाव घेऊन आलेल्या या मिरचीने मिऱ्याची जागा बळकावली, आणि आज निपाणी-बेळगाव रस्त्यावरील संकेश्वर हे गाव मिरचीच्या एका जातीलाच नाव देऊन बसले आहे.

मग सुमारे नऊशे वर्षांत टिकले ते काय? माझ्या मते टिकली ती द्रव्ये नव्हेत, तर क्रिया. रानात धावलेल्या जनावराच्या मांसात चरबी थोडी व तंतू कठीण. सशाचे किंवा तित्तिराचे मांस नुसतेच विस्तवावर धरले, तर ते सुकून जाते. सांबराचे वा रानडुकराचे घाईने शिजविले, तर चिवट राहते. म्हणून प्रथम हळद-मीठ व काही आंबट लावून ठेवावयाचे, मग वाफेवर किंवा निखाऱ्यावर अर्धे शिजवावयाचे, आणि शेवटी सढळ तेलात मसाल्यासह परतून कोरडे करावयाचे, असा हा तीन पायऱ्यांचा क्रम. सीमाभागातील सुक्या मटणात भाजलेले खोबरे, तीळ, खसखस आणि लसूण आली. पण आधी आंबवणे, मग भाजणे वा वाफवणे आणि अखेर तेलात परतणे हा क्रम ‘मानसोल्लासा’तील क्रमाशी पुष्कळसा जुळतो. यावरून घराघरांतील चूल थेट चालुक्यांच्या पाकशाळेतून पेटली, असा निष्कर्ष काढणे मात्र धाडसाचे ठरेल. एकाच प्रकारच्या मांसापुढे दोन काळांतील माणसांना एकच उपाय सुचला, असेही असू शकेल. किंबहुना तेच अधिक संभवनीय आहे.

या चुलीचे स्थानही अभ्यासण्याजोगे आहे. बेळगावच्या किल्ल्यातील कमल बस्ती ही रट्टांच्या काळात, १२०४ साली उभी राहिली. जैन आणि पुढे वीरशैव या दोन्ही परंपरांचा या भूमीवर खोल ठसा असून दोन्ही मांसाहाराच्या विरोधी. मांस खाणाऱ्या अनेक घरांतूनही ते माजघरातील चुलीवर न शिजता परसात तीन दगडांच्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात शिजे आणि ते शिजविण्याचे काम पुष्कळदा पुरुषांकडे असे. शिकारीचे मांस तर वाटे घालूनच घरी येई. हाकारा घालणारा, फास लावणारा, जनावर पाडणारा, प्रत्येकाचा वाटा ठरलेला असे. पाकक्रिया पुस्तकात उतरण्यापूर्वीच तिच्या आधीची ही वाटणी होऊन जाते. म्हणूनच छापील पाकशास्त्रांत हा सामाजिक भाग आढळत नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१०च्या ‘गृहिणी-मित्रा’त मांसाचे पदार्थ विपुल आहेत, पण ते शहरातील बाजारातून मांस आणणाऱ्या गृहिणीसाठी आहेत.

आता मृगया आणि पारध यांतील भेदाकडे पुन्हा वळू. निपाणीपासून जवळच असलेल्या कागलच्या घाटगे घराण्यात जन्मलेले राजर्षी शाहू छत्रपती हे नामांकित शिकारी होते. शिकवलेल्या चित्त्यांकरवी काळविटांची पारध हे त्यांच्या कोल्हापूरचे वैशिष्ट्य. मुधोळच्या घोरपड्यांनी शिकारी कुत्र्यांची जात जोपासली व ती संस्थानाच्या नावाने प्रसिद्ध झाली. परंतु त्याच मुधोळ संस्थानातील हलगलीच्या बेरडांनी १८५७ साली शस्त्रे सरकारजमा करण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना लष्कर पाठवून चिरडण्यात आले. ज्याच्या हातातील हत्यार हेच उपजीविकेचे साधन, त्याला ते देणे म्हणजे चूल विझविणेच होते. पुढे १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची आणि त्याच्या विस्ताराची छाया फासेपारध्यांसारख्या जमातींवर पडली. तो कायदा १९५२ साली गेला, कलंक मात्र सहजी गेला नाही. शाहू छत्रपतींनी १९१८ साली आपल्या संस्थानात बेरड, रामोशी, महार व मांग यांची हजेरी बंद केली, ही गोष्ट या संदर्भात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. राजाच्या शिकारीची छायाचित्रे दिवाणखान्यात टांगली गेली. पारध्याच्या फासाची नोंद झाली ती पोलिसांच्या दप्तरात.

मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी यांच्या रक्षणाचा कायदा केला, तेव्हा बेळगाव व निपाणी त्याच राज्यात होती. १९५६ साली ती म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेली. त्यानंतर १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९९१च्या दुरुस्तीने परवान्याच्या शिकारीचे उरलेसुरले दारही बंद झाले. हे योग्यच झाले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. भारतातील चित्ता १९५२ साली नामशेष घोषित झाला. काळवीट माळावरून हटत गेले. दाजीपूरचे रान १९५८ साली आणि खानापूरकडील भीमगडाचे रान २०११ साली अभयारण्य झाले नसते, तर आज उरले आहे तेवढेही उरले नसते. पारधीचे मांस घरच्या चुलीवर पुन्हा यावे, अशी इच्छा कोणी धरू नये.

परंतु एक व्यवहार थांबणे आणि त्याचा इतिहास पुसला जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बेळगाव परिसरातील भीमराव गस्ती यांचे ‘बेरड’ हे आत्मकथन आणि मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाची नोंद करणारे शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ ही पुस्तके मराठीत आली, तेव्हा आपल्या अन्नविचारात केवढी पोकळी होती हे कळून आले. सीमाभागातील पारधीचे शब्द, म्हणजे फासाचे प्रकार, वाट्यांची नावे, मांस वाळवून ठेवण्याच्या रीती, आज केवळ वृद्धांच्या बोलीत उरले आहेत आणि ते मराठी व कानडी या दोन्ही भाषांत विखुरलेले आहेत. सीमेच्या वादात आपण गावे मोजली, शाळा मोजल्या. हे शब्द कोणी मोजले नाहीत. सोमेश्वराने निदान राजाचे ताट लिहून ठेवले. ज्याने ते ताट भरण्यासाठी रान तुडविले, त्याचा वाटा अद्याप लिहिला जावयाचा आहे. आणि तो लिहून ठेवण्याचे काम ज्यांना हे शब्द अजून ऐकू येतात त्यांचेच आहे.