इंदापूरची माती, सोळा आण्यांची पट्टी

बारामती म्हटले की मोरोपंत आठवतात आणि इंदापूर म्हटले की तेथील लढाईत पडलेले शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे. नीरा आणि भीमा यांच्या संगमावरचे नीरा नरसिंहपूरचे देऊळही सर्वांना ठाऊक असते. हा वारसा पाठ्यपुस्तकांत, यात्रांत आणि घरोघरच्या बोलण्यात जपला गेला आहे. पण याच मुलखाचा आणखी एक वारसा शेतकऱ्यांच्या घरी कागदपत्रांच्या पेटीत पडून असतो, आणि त्याच्याकडे इतिहास म्हणून आपण क्वचितच पाहतो. सर्व्हे नंबर, एकर-गुंठे, बांधावरचे हद्दीचे दगड, जमिनीचा ‘आकार’ हे सारे ज्या मोजणी-पद्धतीने आपल्या व्यवहारात रुजवले, तिची पहिली यशस्वी चाचणी १८३६ साली इंदापूर तालुक्यात झाली.

कोकणच्या भातखाचरांपासून सोलापूरच्या माळरानांपर्यंत ज्या देशात जमीन दर दहा कोसांवर बदलते, त्या देशातील शेते एका मापाने कशी मोजायची? हा प्रश्न महसुलाचा होता तसा विज्ञानाचाही होता. त्याचे उत्तर कसे सापडले आणि ते कोठे अपुरे पडले, हे आपण या लेखात पाहू.

दोन नद्यांमधला मुलूख

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवा. जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला उत्तरेकडून आणि पूर्वेकडून भीमा व दक्षिणेकडून नीरा यांच्या मिठीत इंदापूर तालुका आहे. त्याच्या पश्चिमेला बारामती. तेथे कऱ्हा नदी येऊन नीरेला मिळते. नद्यांनी वेढलेला हा भाग जलसमृद्ध असेल असे नकाशा पाहून वाटते. प्रत्यक्षात येथे वर्षाला जेमतेम ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरला याच्या दहापटीहून अधिक पडतो. ढग घाटमाथ्यावर रिते होतात आणि पूर्वेकडे उतरणारी हवा तापून कोरडी होते. यालाच आपण पर्जन्यछाया म्हणतो.

येथील खडक एकच आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून झालेला बेसॉल्ट. माती मात्र एक नाही. चढावर झिजलेला खडक वाहून जातो, म्हणून तेथे वीतभर मुरमाड माती उरते. वाहून आलेले बारीक कण उताराच्या पायथ्याशी व नदीकाठी साचतात आणि तेथे खोल काळी माती तयार होते. या मातीतील चिकणमातीचे कण पाणी शोषून फुगतात आणि वाळल्यावर आकसतात. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात त्या यामुळेच.

कोरड्या मुलखात माती हीच पाण्याची टाकी असते. एक मीटर खोल काळी माती पिकाला वापरता येईल असे साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी धरून ठेवते. वीतभर मुरमाड जमिनीत त्याचा लहानसा अंशच मावतो. सप्टेंबरातील पावसावर पेरलेली रब्बी ज्वारी पुढे पाऊस न पडताही काळ्या रानात उभी राहते, कारण ती साठवलेल्या ओलीवर जगते. माळावर ती हुरड्यापर्यंतही पोचत नाही. म्हणजे दोन शेते शेजारी असली, दोन्हींवर सारखाच पाऊस पडला, तरी त्यांची मोले फार वेगळी असू शकतात. इंदापूरच्या शेतकऱ्याला हे पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. काळी, तांबडी, बरड, मुरमाड, चोपण हे त्याचे शब्द म्हणजे एक मृदाशास्त्रच होते. जुन्या मापांतही हे ज्ञान मुरलेले होते. कित्येक ठिकाणी बिघा हे निखळ क्षेत्रफळ नसे; जमीन हलकी असेल तर बिघा मोठा धरला जाई.

पुस्तकी सिद्धांताची फजिती

१८१८ मध्ये पेशवाई संपली आणि दख्खन कंपनी सरकारच्या ताब्यात आले. जमीनमहसुलाची नवी व्यवस्था लावण्याचे काम रॉबर्ट कीथ प्रिंगल या तरुण अधिकाऱ्याकडे गेले. प्रिंगल इंग्लंडातील हेलीबरी येथे कंपनीच्या महाविद्यालयात शिकलेला होता, आणि तेथे अर्थशास्त्र शिकवायला होते प्रसिद्ध माल्थस. खंडाचा सिद्धांत तो मनात पक्का करून आला होता. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे ५५ टक्के सरकारने घ्यायचे, असे त्याचे गणित होते.

कागदावर हे गणित निर्दोष होते. पण त्यासाठी हजारो शेतांचे उत्पन्न, बैलांचा खर्च, मजुरी, बियाणे, बाजारभाव इतक्या गोष्टी अचूक कळायला हव्या होत्या. त्या कळणार कोणाकडून? खालच्या कारकुनांकडून, आणि त्यांच्या हातात शेतकऱ्याचे नशीब सापडले होते. मोजणीत चुका झाल्या, प्रतवारीत पैसे खाल्ले गेले. त्यातच धान्याचे भाव उतरले आणि पावसाने ओढ दिली. १८३० नंतरच्या काही वर्षांत शेतकरी जमिनी सोडून गेले, काही शेजारच्या निजामाच्या मुलखात निघून गेले. इंदापुरात रानेच्या राने पडीक राहिली.

सूत्र चुकीचे नव्हते. त्यात घालायचे आकडेच विश्वासार्ह मिळत नव्हते. विज्ञान शिकवणाऱ्याने ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावी. जी राशी मोजता येत नाही तिच्यावर उभारलेले गणित कितीही सुंदर असले तरी त्याचे उत्तर भरवशाचे नसते.

सोळा आण्यांची माती

१८३५ च्या सुमारास हेन्री गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी इंदापूरची अवस्था पाहून नव्या मोजणीच्या मागे लागला. त्याच्या जोडीला लेफ्टनंट जॉर्ज विंगेट हा लष्करी इंजिनिअर आला. त्यांनी प्रश्नच बदलला. निव्वळ उत्पन्न मोजणे जमत नाही ना, मग जे डोळ्यांना दिसते आणि हाताने मोजता येते तेच मोजायचे: शेताचे क्षेत्र, मातीचा पोत आणि मातीची खोली. या मोजणीनंतर १८३६ पासून इंदापुरात नवे, हलके दर लागू झाले आणि ते ३० वर्षे वाढणार नाहीत अशी हमी देण्यात आली.

क्षेत्र मोजायला शंकू आणि साखळी होती. साखळी ३३ फुटांची आणि तिचे १६ भाग, म्हणजे १६ आणे. एक साखळी लांब व एक साखळी रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा: ३३ × ३३ = १०८९ चौरस फूट. असे ४० गुंठे म्हणजे ४३,५६० चौरस फूट, अर्थात एक एकर. आपल्या गुंठ्याचा हा विचित्र वाटणारा आकडा या साखळीतून आला आहे. सर्व्हे नंबरही मनमानी नव्हता. एका बैलजोडीला कसता येईल एवढे रान, हे त्याचे सर्वसाधारण प्रमाण. म्हणून भारी काळ्या रानात नंबर लहान आणि हलक्या रानात मोठे पडले.

मातीच्या प्रतवारीची पद्धत अनुभवाने सुधारत गेली आणि १८४७ मध्ये गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांच्या संयुक्त अहवालात ती पक्की झाली. मातीचे तीन प्रकार धरले: बारीक पोताची काळी, त्याहून भरड व बहुधा तांबडी, आणि खडेमिश्रित भुरकट. मग खोली हाताने मोजायची. पावणेदोन हात, म्हणजे साधारण ८० सेंटिमीटर, खोल काळी माती सोळा आण्यांची. खोली कमी होईल तशी किंमत उतरत जाई आणि सर्वांत खालचा नववा वर्ग दोन आण्यांचा असे. एक हात खोलीची माती पहिल्या प्रकारची असेल तर १० आणे, दुसऱ्या प्रकारची असेल तर ८ आणे आणि तिसऱ्या प्रकारची असेल तर ६ आणे. चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी धरून राहणे असे दोष आढळले की वर्ग खाली जाई.

आता एक गणित करू. एका शेताचे चार सारखे भाग पाडले. एका भागात काळी माती एक हात खोल (१० आणे), दुसऱ्यात काळी पाऊण हात (८ आणे), तिसऱ्यात तांबडी एक हात (८ आणे), चौथ्यात तांबडी पाऊण हात (६ आणे). बेरीज ३२, सरासरी ८ आणे. म्हणजे त्या गावच्या उत्तम जमिनीच्या निम्मा दर या शेताला लागू. गावाचा मूळ दर ठरवताना हवामान आणि बाजारपेठेचे अंतर विचारात घेत.

या पद्धतीत नवे ते मोजमाप होते. खोली आणि पोत यांवर जमीन ओळखण्याचे ज्ञान शेतकऱ्याचेच होते. आज आपण त्याचा अर्थ ‘मातीची जलधारणक्षमता’ असा सांगू. ते नाव ठाऊक नसतानाही त्या लोकांनी नेमकी योग्य राशी पकडली होती. इंदापुरात पडीक राने पुन्हा नांगराखाली आली. पुढे ही पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि वऱ्हाड व म्हैसूरपर्यंत गेली. बंगालमध्ये १७९३ पासून जमीनदारांशी कायमधारा, उत्तरेत गावाशी करार, मद्रासेत आणि मुंबईत थेट रयतेशी, असे या देशात महसुलाचेही नाना प्रकार होते. त्यांपैकी मुंबई पद्धतीचे मूळ इंदापूरच्या मातीत आहे.

पट्टीत न मावलेल्या गोष्टी

तीस वर्षांची मुदत सरली आणि १८६७ मध्ये फेरआकारणी आली. मधल्या काळात लोहमार्ग भिगवणवरून सोलापूरकडे गेला होता. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता आणि धान्यही महागले होते. या तेजीकडे पाहून इंदापूरचा आकार सुमारे दीडपट करण्यात आला. पण तेजी ओसरली. भाव उतरले, सारा मात्र तसाच राहिला. तो भरण्यासाठी सावकाराकडे जावे लागले आणि कोर्टकचेरीच्या नव्या कायद्यांनी सावकाराचे रोखे बळकट केले होते. पुण्याची सार्वजनिक सभा या प्रश्नावर आवाज उठवत होती. १८७४ मध्ये सरकारने वाढीवर मर्यादा घातल्या: तालुक्यात ३३ टक्के, गावात ६६ टक्के, एका खात्यावर १०० टक्के.

तोवर उशीर झाला होता. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी लोकांनी सावकारांच्या घरांवर व दुकानांवर हल्ला केला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. दंगा पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. बहुतेक ठिकाणी लोकांचा रोख एकाच वस्तूवर होता: कर्जाचे रोखे. ते मिळवून जाळण्यात आले. माणसांच्या जिवावर उठण्याचे प्रकार त्या मानाने फार थोडे घडले. चौकशीसाठी आयोग नेमला गेला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला. मधल्या १८७६ ते १८७८ या वर्षांत भीषण दुष्काळही पडून गेला.

सोळा आण्यांच्या पट्टीने मातीची खोली अचूक सांगितली होती. पण या वर्षी पाऊस पडेल का, पुढच्या वर्षी भाव काय असेल आणि शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे सांगणारी खूण त्या पट्टीवर नव्हती.

पाणी आल्यावर

दुष्काळानंतर उत्तर शोधले गेले ते पाण्याचे. वीर येथील बंधाऱ्यातून निघालेला नीरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला. भाटघरच्या धरणाचे पाणी पुरंदर, बारामती आणि इंदापूर या तालुक्यांतून सुमारे १०० मैल फिरू लागले. सासवडकडचे माळी उसाची विद्या घेऊन कालव्याकाठी आले. पुढे १९३० च्या दशकात वालचंदनगर उभे राहिले आणि स्वातंत्र्यानंतर सहकारी साखर कारखाने निघाले.

आणि येथे मातीने आपली किंमत उलटी करून दाखवली. कोरडवाहू शेतीत जी काळी माती सोळा आण्यांची, ती पाणी सहजी खाली जाऊ देत नाही. वर्षभर कालव्याचे पाणी दिल्यावर भूजल वर आले. ते केशाकर्षणाने पृष्ठभागाशी येऊन उडून जाई आणि क्षार मागे ठेवी. १९१० मध्ये हॅरॉल्ड मान आणि ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील या खारावलेल्या जमिनींचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तम रान चोपण झाले होते, आणि खाली मुरूम असलेली, पाण्याचा निचरा होणारी मध्यम जमीन उसाला अधिक चांगली ठरली होती. पुढे १९८० मध्ये उजनी धरण झाले आणि इंदापूरची भीमाकाठची काळी राने जलाशयाखाली गेली. आज भिगवणजवळ त्या पाण्यावर रोहित पक्षी पाहायला लोक दुरून येतात.

याउलट, दोन आण्यांच्या माळाचाही भाव बदलत आहे. २००९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था बारामतीजवळ माळेगाव येथे अशाच खडकाळ जमिनीवर आहे आणि तेथे उथळ मुरमात फळझाडे कशी जगवावीत याचे प्रयोग चालतात.

वर्गाबाहेरचा धडा

हा इतिहास शाळेजवळच्या कोणत्याही बांधावर शिकवता येईल. मालकाची परवानगी घेऊन माळावर, मधल्या उतारावर आणि ओढ्याकाठी असे तीन खड्डे घ्यावेत. मुरूम लागेपर्यंतची खोली हाताने व सेंटिमीटरमध्ये मोजावी, मातीचा रंग व पोत नोंदवावा आणि प्रत्येक ठिकाणी पावणेदोन हातांची अट पुरी होते का ते पाहावे. त्या शेताच्या सातबारावरील ‘आकार’ वाचावा. मग गावातील वृद्ध शेतकऱ्याला त्याच तीन जमिनींची प्रतवारी करायला सांगावी आणि मुलांची पट्टी व त्याचे बोलणे शेजारी शेजारी मांडावे. जेथे दोन्ही जुळतील तेथे मापाचे कारण विचारावे. जेथे जुळणार नाहीत तेथे, पट्टीला न दिसलेले असे काय त्या शेतकऱ्याला दिसते आहे, हे विचारावे. इंदापूरची मोजणी यशस्वी झाली ती शेतकऱ्याला जे दिसत होते ते तिने मोजले म्हणून, आणि तिची पुढची आकारणी फसली ती त्याला विचारायचे राहून गेले म्हणून.