एक काउंटी, दोन ऑफिसं

१८९२च्या सुमारास मेक्सिकोची हद्द ओलांडून एक छोटा सोंडेकिडा टेक्सासच्या कापसात शिरला. नाव बोल वीव्हिल. आपल्याकडच्या गुलाबी बोंडअळीचा हा नातलग नाही, पण काम तेच: बोंड आतून पोखरायचं. दहा वर्षांत टेक्सासचा कापूस शेतकरी हवालदिल झाला.

अमेरिकेच्या कृषी खात्यातर्फे सीमन नॅप नावाचे सत्तरीला टेकलेले गृहस्थ तेव्हा तिथे फिरत होते. सरकारी नमुना शेतांचा त्यांचा अनुभव चांगला नव्हता. शेतकरी ती बघायचा आणि म्हणायचा, सरकारकडे पैसा आहे, त्यांना जमतं. मग १९०३ मध्ये टेरेल गावात वेगळी युक्ती झाली. वॉल्टर पोर्टर या शेतकऱ्याने स्वतःच्या ७० एकरांत नॅप सांगतील तशी शेती करायची. तोटा झालाच तर भरून द्यायला गावच्या व्यापाऱ्यांनी सुमारे हजार डॉलरची हमी उभी केली. हमीला हात लावावा लागला नाही. पोर्टर यांना नेहमीपेक्षा सुमारे ७०० डॉलर जास्त मिळाले.

ज्ञान नवं नव्हतं. लवकर पेरा, लवकर येणारं वाण घ्या, रान स्वच्छ ठेवा, वेचणी संपली की पऱ्हाट्या शेतात ठेवू नका, एवढंच. नवं हे होतं, की रान शेतकऱ्याचं, हात शेतकऱ्याचे, आणि शेजाऱ्याने कुंपणावरून बघायचं. आपण ज्याला ‘पीक प्रात्यक्षिक’ म्हणतो, ते हेच.

पण अशी प्रात्यक्षिकं शेकड्यांनी उभी करायची, तर त्या भागात कायम राहणारा माणूस हवा. नोव्हेंबर १९०६ मध्ये टेक्सासच्या स्मिथ काउंटीत डब्ल्यू. सी. स्टॉलिंग्ज यांची नेमणूक झाली. एका काउंटीसाठी एक माणूस, असे ते पहिले ‘काउंटी एजंट’. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा, पण आकाराने बऱ्याचदा तालुक्याएवढा. पुढे देशभर उभ्या राहिलेल्या काउंटी एक्स्टेन्शन ऑफिसांचं मूळ या एका माणसात आहे.

हा एजंट काय करायचा? डुकरांना लस टोचायचा, उतारावर बांध आखून द्यायचा, मातीचे नमुने पाठवायचा, पोरांचे क्लब चालवायचा. बायकांसाठी पुढे वेगळ्या बाई आल्या. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या ऐकेन काउंटीत मेरी क्रोमर या शिक्षिकेने मुलींचा टोमॅटो क्लब काढला. प्रत्येकीला एकराचा दहावा हिस्सा. पिकवा, डब्यात भरा, विका, आणि पैसे स्वतःकडे ठेवा. शेतकऱ्याच्या पोरीच्या हातात तिच्या नावाचा पैसा, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट अमेरिकन कृषी विस्ताराच्या कुठल्याही गौरवग्रंथात सापडेल. आता त्याच महिन्यातली दुसरी नेमणूक बघू.

मराठी घरांत जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर अनोळखी नाहीत. वीणा गवाणकरांच्या ‘एक होता कार्व्हर’ने त्यांना आपल्याकडे घरचं माणूस करून टाकलं. अलाबामातल्या टस्कीगी संस्थेत, बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या हाताखाली, कार्व्हरनी १९०६ मध्ये एका घोडागाडीचा आराखडा केला. न्यूयॉर्कचे धनिक मॉरिस जेसप यांनी पैसे दिले, म्हणून नाव पडलं जेसप वॅगन. गाडीत नांगर, बी-बियाणं, लोणी काढायचं यंत्र. जो शेतकरी शाळेपर्यंत येऊ शकत नाही, त्याच्या दारात शाळा न्यायची. नोव्हेंबर १९०६ मध्ये टस्कीगीतच शिकलेले तरुण थॉमस मन्रो कॅम्पबेल या कामासाठी कृषी खात्याचे एजंट झाले. या खात्याचे ते पहिले कृष्णवर्णीय एजंट.

कॅम्पबेल ज्यांच्याकडे जात, त्यातले बहुतेक वाटेकरी होते. जमीन मालकाची, बी उधारीचं, कापूस मोजणारा मालकच. अशा माणसाला ‘पीक बदला’ सांगणं सोपं नसतं, कारण काय पेरायचं हे त्याच्या हातात नसतं. म्हणून गाडी त्याच्या हातात असलेल्या गोष्टींपासून सुरुवात करायची: परसातला भाजीपाला, कोंबड्या, घराची डागडुजी, स्वच्छता. पुढे घोडागाडीची मोटार झाली, आणि तिच्यातून परिचारिका आणि गृहशिक्षणाच्या बाईही फिरू लागल्या.

मग आला ८ मे १९१४. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी स्मिथ-लीव्हर कायद्यावर सही केली. केंद्राचा पैसा, राज्याचा पैसा आणि काउंटीचा पैसा एकत्र करून प्रत्येक राज्याच्या कृषी महाविद्यालयामार्फत विस्ताराचं काम चालवायचं. रचना सुंदर होती. प्रश्न एकच होता. दक्षिणेतल्या राज्यांत १८९०च्या कायद्यामुळे दोन महाविद्यालयं होती, एक गोऱ्यांचं आणि एक काळ्यांचं. पैसा कोणाकडे जाणार?

सिनेटमध्ये यावर वाद झाला. काळ्यांच्या महाविद्यालयांचा वाटा कायद्यातच राखून ठेवावा, असा प्रयत्न वेस्ली जोन्स या सिनेटरनी केला. तो हाणून पाडला गेला. कोणतं महाविद्यालय, हे राज्याच्या विधिमंडळाने ठरवावं, असं कलम राहिलं. त्या विधिमंडळांत निवडून येणारे गोरे होते, आणि काळ्यांना मत टाकणं अशक्य करून ठेवलेलं होतं. त्यामुळे निर्णय काय होणार हे सही होण्याआधीच ठरलेलं होतं.

परिणाम गावात दिसला. गोऱ्या एजंटचं ऑफिस बहुधा कोर्टाच्या इमारतीत. काळ्या एजंटचं ऑफिस वेगळं, कमी सोयींचं, आणि काळे शेतकरी भरपूर असलेल्या कितीतरी काउंट्यांत ते नव्हतंच. १९३३ मध्ये भाव सावरण्यासाठी सरकारने उभा कापूस नांगरायला सांगितला, तेव्हा करार भरून घेण्याचं काम काउंटी एजंटांकडे आलं. भरपाईचा चेक जमीनमालकाच्या हाती गेला. वाटेकऱ्याचा हिस्सा बऱ्याचदा मालकाच्या वहीतच जिरला, आणि जमीन पडीक ठेवायची म्हटल्यावर कित्येक वाटेकऱ्यांना घर सोडावं लागलं.

१९६४ च्या नागरी हक्क कायद्यानंतर वेगळी ऑफिसं ठेवता येईनात. ऑफिसं एक झाली. वाटेल, इथे न्याय झाला. १९६५ मध्ये अमेरिकेच्या नागरी हक्क आयोगाचा अहवाल आला, त्यात वेगळंच चित्र होतं. एकत्रीकरणात अनेक अनुभवी काळे एजंट गोऱ्या एजंटचे ‘सहायक’ झाले होते. टेबलं एका खोलीत आली, पण किल्ली होती तिथेच राहिली. अलाबामात हे प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७१ मध्ये संघीय न्यायालयाने तिथल्या विस्तार सेवेला भेदभाव थांबवण्याचे आदेश दिले. १८९०च्या महाविद्यालयांना विस्ताराचा निधी थेट आणि कायमस्वरूपी देण्याची तरतूद झाली १९७७ मध्ये. १९१४ पासून मोजा: ६३ वर्षं.

या ६३ वर्षांत काय झालं? १९२० मध्ये अमेरिकेत सव्वानऊ लाखांच्या आसपास काळे शेतकरी होते. १९९७च्या शेती गणनेत ते साडेअठरा हजारांवर आले होते. याला बोल वीव्हिल, यंत्रं, कर्ज नाकारणाऱ्या कचेऱ्या, शहरांकडचं स्थलांतर अशी अनेक कारणं आहेत. सगळं खापर एका ऑफिसावर फोडता येणार नाही. पण बी, भाव, कर्ज आणि योजना यांची पहिली बातमी ज्या ऑफिसातून निघते, तिथे जाताना बिचकावं लागणं, ही किंमत लहान नसते.

हा इतिहास आपल्यापासून फार लांबचा नाही. १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या इटावाचा प्रकल्प अल्बर्ट मेयर या अमेरिकन माणसाने आखला. त्यातून शिकत २ ऑक्टोबर १९५२ ला समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला आणि ग्रामसेवक गावात आला. आज आपल्याकडे सहायक कृषी अधिकारी आहे, शेतीशाळा आहे, आणि माझ्यासारखे लोक लिहितात ती ॲपही आहेत. पोर्टरच्या ७० एकरांत जे सिद्ध झालं, ते आपणही मानतो: शेतकरी शेजाऱ्याच्या रानावर विश्वास ठेवतो.

मग प्रात्यक्षिकासाठी रान कोणाचं निवडलं जातं, हा प्रश्न उरतो. रस्त्याकडेचं, विहीर असलेलं, साहेबाला चहा पाजणाऱ्याचं? सातबाऱ्यावर नाव नसलेली, पण रोज खुरपणारी बाई त्या यादीत कुठे असते? ॲपमध्ये तर लॉगिनच सातबाऱ्याच्या गट क्रमांकाने मागितलं, की वाटेकरी पहिल्याच स्क्रीनवर बाहेर. कॅम्पबेलना हे १९०६ मध्येच कळलं होतं. त्यांनी गाडी जुंपली, आणि ज्याच्या नावावर काहीच नाही त्याच्या दारात नेऊन उभी केली.